आधी वाट पायी चालणाऱ्याला

(भिवंडी येथील नागरिकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय कानी पडल्यावर काही मंडळींच्या मनात शंका आली असेल. देशापुढे सुरक्षेचे, शिक्षणाचे, रोजगाराचे एवढे गहन प्रश्न उभे असताना रस्त्यावर कोणी कसे चालावे, यासाठी सभा कशाला भरवायची? शंका स्वाभाविक आहे. म्हणून तिचे निरसन प्रथम करतो आणि मग विषयाकडे वळतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते, ३२,८२५ जण पायी चालत होते आणि ४,८३६ जण सायकलवर होते. या तिन्ही आकड्यांची बेरीज केली, तर दर तीन मृतांमागे दोघे असे निघतात, ज्यांच्या देहाभोवती पत्र्याचे साधे कवचही नव्हते. नुसत्या पायी चालणाऱ्यांचा हिशेब मांडला, तर दररोज सुमारे नव्वद माणसे होतात. कोणी दूध आणायला निघालेला असतो, कोणी पाळी संपवून घरी परतत असतो, कोणी शाळेत. ज्या राष्ट्राच्या उभारणीची स्वप्ने आपण पाहतो, त्या राष्ट्राची ही माणसे आहेत. त्यांचा प्रश्न लहान कसा म्हणता येईल?

एका रस्त्यावरची तीन गावे

आता आपल्या भिवंडीकडे पाहू. १६५७ साली शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आणली, तेव्हा हे खाडीकाठचे, व्यापाराचे गाव होते. त्या गावाच्या गल्ल्या माणसाच्या, बैलाच्या आणि फार तर बैलगाडीच्या मापाने पडल्या. पुढे मुंबई-आग्रा मार्ग याच गावातून गेला; जुना आग्रा रोड हे नाव आजही आपल्या तोंडी आहे. विसाव्या शतकात यंत्रमाग आले आणि दुसरे गाव वसले. सुताच्या गोण्या, सायझिंगमधून भरून निघालेले बीम, कापडाचे तागे, ते वाहणाऱ्या हातगाड्या व टेम्पो, आणि दिवसपाळी-रात्रपाळीला जा-ये करणारे कामगार, हे त्या गावाचे रूप. मग तिसरे गाव आले ते गोदामांचे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या परिसरात भातशेतीच्या जागी प्रचंड गोदामे उभी राहिली. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर त्यांचा व्याप आणखी वाढला. देशभरातला माल येथे उतरतो आणि येथून घरोघरी जातो. त्यासाठी चिंचोटी-अंजूरफाटा-माणकोली मार्गावर रात्रंदिवस कंटेनर धावत असतात.

ही तिन्ही गावे आज एकाच रस्त्यावर नांदत आहेत. पहिले पायी चालते, दुसरे सायकल, हातगाडी आणि टेम्पोवर चालते, तिसरे अठरा चाकांवर चालते. २०११च्या जनगणनेत सुमारे २६ चौरस किलोमीटरच्या या शहरात सात लाखांहून अधिक लोक मोजले गेले. मुंबईसारखी लोकल आपल्या वस्तीच्या मध्यातून जात नाही. वसई-दिवा मार्गावरील भिवंडी रोड स्थानक गावाच्या कडेला आहे. त्यामुळे कामावर जाणारा, बाजारात जाणारी, शाळेत जाणारे, सगळे रस्त्यावरच येतात. कल्याण नाका, वंजारपट्टी नाका, धामणकर नाका, अंजूरफाटा येथे रोज जी खडाजंगी आपण पाहतो, तिचे मूळ येथे आहे. तीन वेगवेगळ्या काळांतली गावे एका पट्ट्यात कोंबली गेली आणि त्यांच्यात वाटणी कोणी करून दिली नाही.

प्रत्येकाची तक्रार

नाक्यावर घटकाभर उभे राहून ऐकावे. पायी चालणारा म्हणतो, पदपथावर आधी दुकानाची पायरी, मग मांडलेला माल, मग उभी केलेली मोटारसायकल. मी चालावे कोठून? सायकलवाला म्हणतो, कडेने गेलो तर पुढची रिक्षा एकाएकी थांबते, आत सरकलो तर पाठीमागून ट्रकचा भोंगा कानठळ्या बसवतो. रिक्षावाला म्हणतो, मला थांबायला जागा आखून दिलेली नाही. प्रवासी हात करील तेथे थांबावे लागते. ट्रकचालक म्हणतो, दोन रात्री गाडी हाकून आलो, गोदामाचे फाटक उघडेपर्यंत गाडी लावायला तळ नाही, आणि गावात शिरलो की माणसे कोठूनही आडवी येतात. अपघात झाला तर चूक कोणाची हे पाहण्याआधी जमाव मलाच मारतो.

बंधूंनो, यांतली एकही तक्रार खोटी नाही. चालकाच्या भीतीचेच पाहा. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकासाठी भारतीय न्याय संहितेत दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरातील ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, पण ते पोटकलम तेवढे बाजूला ठेवण्यात आले. जखमीला टाकून पळणे हे पापच आहे, याविषयी दुमत नाही. पण जमावाच्या हातून मरणाची भीती असेल, तर थांबायची इच्छा असलेलाही पळतो. म्हणजे रस्त्यावर न्याय हाती घेणारा जमाव जखमीची मदतच हिरावून घेत असतो.

सगळ्यांच्याच तक्रारी खऱ्या असतील, तर निवाडा कसा करायचा? माझ्या मते त्याची कसोटी एकच आहे: ज्याचे वजन अधिक आणि वेग अधिक, त्याचे कर्तव्य अधिक.

वजनाचा आणि वेगाचा हिशेब

ही कसोटी दयेपोटी सांगत नाही. तिच्यामागे साधे पदार्थविज्ञान आहे. भरलेला कंटेनर चाळीस टनांचा धरला, तर सायकल आणि तिच्यावरचा माणूस मिळून त्याच्या चारशेव्या हिश्श्याइतकेही भरत नाहीत. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते आणि ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतरही चौपट होते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी १० मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर ब्रेकचे काम सुरू होते. चालकाचे कौशल्य कितीही असो, हे गणित बदलत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक सायकलस्वाराने आणि प्रत्येक आईवडिलांनी समजून घ्यावी. लांब ट्रेलर वळतो, तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने कापत येतात. चालकाला त्याच्या डाव्या अंगाचा, अगदी जवळचा भाग दिसत नाही. त्यामुळे नाक्यावर डावीकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या आणि पदपथाच्या मधल्या फटीत शिरणारा सायकलवाला चालकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. ती फट क्षणात मिटते. मागे थांबावे, ट्रेलर वळून जाऊ द्यावा, मग निघावे. एवढी एक गोष्ट शाळेत आणि कारखान्यात सांगितली गेली, तरी काही घरांचे दिवे विझायचे वाचतील.

कर्तव्य अधिक म्हणजे दुसऱ्याला कर्तव्य नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये. एके काळी महाराष्ट्राच्या गावोगावी बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट सायकल पोलीस अडवत असत. आजच्या पिढीला त्याचे हसू येते, पण त्यामागे शहाणपण होते. रात्रपाळीला निघालेला कामगार बिनदिव्याच्या सायकलवरून उलट्या दिशेने येत असेल, तर सावध चालकही हतबल होतो. पादचाऱ्यानेही दुभाजकावरून उडी मारून, कानाशी मोबाइल धरून रस्ता ओलांडू नये. मात्र त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, याची काळजी वजनदार वाहनाने घ्यायची आहे.

कायदा काय सांगतो

कायद्याने ही वाटणी आधीच केलेली आहे. पदपथावर किंवा सायकलींसाठी राखलेल्या पट्ट्यावर मोटार वाहन चालवू नये, हा नियम १९८९ पासून आहे आणि २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही तो कायम राहिला. पादचारी मार्गावर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, हेही त्यात आहे. पदपथ किमान १.८ मीटर रुंद असावा आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी, असा दंडक इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ साली घातला. उंचीची ही अट कशासाठी? वृद्ध माणसाला चढता यावे यासाठी. पदपथ गुडघ्याएवढा उंच बांधला, तर आजोबा तो टाळून रस्त्यावरूनच चालतात, आणि मग आपणच म्हणतो की लोकांना शिस्त नाही.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघडी गटारझाकणे यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भिवंडी-वाडा-मनोर रस्त्याच्या खड्ड्यांसाठी ज्यांनी आंदोलने केली, त्यांना या आदेशाचे मोल वेगळे सांगायला नको. खड्डा चुकवण्यासाठी दुचाकीस्वार आडवा होतो आणि मागच्या ट्रकखाली सापडतो. अशा वेळी ट्रकचालक आरोपी होतो आणि खड्डा मात्र जागच्या जागी राहतो.

पदपथावरील विक्रेत्यांचा प्रश्नही येथेच येतो. भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई आपली शत्रू नव्हे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती नेमून विक्रीच्या जागा निश्चित करण्याची सोय केली आहे. त्या समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात. जागा आखून दिली तर विक्रेताही जगतो आणि चालणाराही. खरी अडचण पक्क्या दुकानांपुढच्या वाढीव पायऱ्यांची आणि शेडची आहे. ती आपली, ओळखीच्या मंडळींची असल्याने तेथे आपण गप्प बसतो.

इतरांनी काय केले

सायकल आणि पादचाऱ्याचा सन्मान हे थंड देशांचे चोचले आहेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. नेदरलँड्सचे उदाहरण देतात आणि म्हणतात, त्यांच्या रक्तातच ते आहे. इतिहास वेगळे सांगतो. १९७१ साली त्या दीड कोटीहूनही कमी लोकसंख्येच्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. एका पत्रकाराने आपल्या कन्येच्या अपघाती मृत्यूनंतर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकावरून 'बालहत्या थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. आईवडील रस्त्यावर बसले, मुलांनी रस्ते अडवले. १९७३ च्या तेलसंकटात तेथे रविवार मोटारींविना पाळले गेले आणि लोकांना वेगळा रस्ता कसा असतो हे डोळ्यांनी दिसले. त्यानंतरच्या काही दशकांत तेथे सायकलींचे वेगळे मार्ग बांधले गेले. ही रक्ताची देणगी नव्हती. पालकांनी हट्टाने मिळवलेली गोष्ट होती.

आपल्या पुण्याचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. सायकलींचे शहर म्हणून ज्याची ख्याती होती, ते पुढे दुचाकींचे शहर झाले. तेथे सायकल मार्ग बांधले गेले, पण अनेक ठिकाणी त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या, फलक लागले, मार्ग मध्येच तुटले. नागरिकांची राखण नसेल तर केवळ सिमेंट ओतून काही साधत नाही, हा त्यातला धडा. त्याच पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला जातो. लक्ष्मी रस्त्यासारख्या बाजारपेठेत मोटारी थांबवता येतात, हे त्यातून दिसले.

भिवंडीचा स्वतःचा धडा

परंतु दूरच्या उदाहरणांपेक्षा जवळचे अधिक उपयोगी पडते. या शहराने १९७० आणि १९८४ साली दंगलींचे घाव सोसले. त्यानंतर १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. वस्तीतले सामान्य लोक आणि त्या वस्तीचा पोलीस शिपाई एकत्र बसू लागले, तंट्याचे रूपांतर भडक्यात होण्याआधी तो मिटवू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या अनुभवावर खोपडे यांनी पुढे पुस्तकही लिहिले.

त्याहून कितीतरी अवघड विषयावर जे गाव एकत्र बसले, ते रस्त्याच्या वाटणीसाठी बसू शकणार नाही काय? प्रत्येक नाक्याची एक समिती असावी. तिच्यात दुकानदार, रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, गोदामांचे वाहतूकदार, शाळेचे शिक्षक, वाहतूक शाखेचा कर्मचारी आणि महापालिकेचा अभियंता असावा. रस्ता कोठे ओलांडायचा, रिक्षा कोठे थांबतील, माल कोणत्या वेळी उतरेल, शाळा भरण्या-सुटण्याच्या आणि पाळी बदलण्याच्या वेळी अवजड वाहने कोठे रोखून धरायची, हे त्यांनी ठरवावे आणि पोलिसांकडे अधिसूचनेसाठी मागावे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. मेट्रो हे वरदानच आहे. पण मेट्रोतून उतरणारा प्रत्येक जण जिना संपताच पादचारी होतो, हे विसरू नये. धामणकर नाक्याला उतरलेल्या माणसाला घरापर्यंत चालता आले नाही, तर तो पुन्हा दुचाकीच घेईल आणि कोंडी होती तशीच राहील.

आपल्यापासून आरंभ

शेवटी आपल्या घराकडे वळतो. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देताना त्याच्या आईला कौतुक वाटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा संस्कार मोठा आहे. वडिलांनी शाळेच्या दारात गाडी उलट्या दिशेने घातली, की मागे बसलेले मूल तो धडा शिकून घेते. त्यानंतरची नागरिकशास्त्राची तासिका व्यर्थ असते.

कार्यकर्त्यांना चार कामे सुचवतो. पाळी बदलण्याच्या वेळी नाक्यावर उभे राहून कामगारांच्या सायकलींना आणि हातगाड्यांना चकाकणाऱ्या रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावाव्यात; त्याचा खर्च नगण्य आहे. आपल्या भागातील शाळेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पदपथ पायी चालून त्यावरचे अडथळे लिहून काढावेत आणि ती यादी महापालिकेत देऊन तिचा पाठपुरावा करावा. अपघात झाल्यास जमाव आवरावा, जखमीला तत्काळ रुग्णालयात न्यावे. मदत करणाऱ्याला पोलिसी चौकशीच्या जाचापासून २०१९ पासून कायद्याचे संरक्षण आहे, आणि ५ मे २०२५ च्या योजनेनुसार नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख रकमेविना मिळतात. चौथे काम त्या घरांसाठी, ज्यांचा माणूस अज्ञात वाहनाने हिरावून नेला. १ एप्रिल २०२२ पासून अशा मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे करावा लागतो. परप्रांतातून आलेल्या माग कामगाराच्या विधवेला ही माहिती कोण देणार? तिच्या दारापर्यंत आपण गेले पाहिजे. ती कोणत्या प्रांताची, कोणत्या पंथाची, हे विचारण्याचे कारण नाही.

आपल्या घरात पंगत बसते, तेव्हा आधी लहान मुलांची आणि वृद्धांची पाने वाढली जातात. धडधाकट मंडळी मागून बसतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. रस्त्यालाही हीच रीत लागू करायची आहे. आधी पायी चालणारा, मग सायकल आणि हातगाडी, मग बस आणि रिक्षा, मग आपली मोटार, आणि शेवटी मालाची अवजड गाडी. उद्या सकाळी दुकान उघडताना, स्कूटर काढताना आणि नाक्यावर ब्रेक दाबताना हा क्रम प्रत्येकाने स्मरावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.